शांततेच्या माणसाने मागितलेले युद्ध

२ एप्रिल १९१७ची रात्र. वॉशिंग्टनमध्ये पावसाची भुरभुर चालू होती. साडेआठच्या सुमारास घोडदळाच्या पहाऱ्यात अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन कॅपिटॉलमध्ये आले आणि काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांपुढे उभे राहिले. पुढची पस्तीसेक मिनिटे त्यांनी जे वाचले, ते युद्ध मागणाऱ्या भाषणांमध्ये मला सर्वांत जपून रचलेले भाषण वाटते. पाचच महिन्यांपूर्वी विल्सन दुसऱ्यांदा निवडून आले होते, आणि त्यांच्या पक्षाने प्रचारात पुढे केलेला मोठा मुद्दा हाच होता की, या माणसाने देशाला युद्धापासून लांब ठेवले. आता त्याच देशाला समुद्रापलीकडच्या महायुद्धात उतरा म्हणून सांगायचे होते.

वक्त्याची अशी कोंडी क्वचितच होते. श्रोत्यांना त्याचे कालचे शब्द पाठ असतात. सुटकेच्या दोन वाटा सोप्या होत्या. कालचे धोरण चुकले असे सांगून मोकळे व्हायचे, नाहीतर संतापाचा असा डोंब उसळवायचा की कालचे कुणाला आठवूच नये. विल्सन यांनी दोन्ही वाटा टाळल्या. त्यांनी तटस्थतेचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. तिलाच पावलापावलाने पुढे नेले आणि तिची वाट कुठे संपते ते दाखवले. ती संपते तिथे युद्ध उभे होते. हे कसे साधले, ते या भाषणाचे एकेक अंग घेऊन पाहण्यासारखे आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका, कारण तिच्याशिवाय या भाषणातल्या बारीक जागा कळत नाहीत. ऑगस्ट १९१४मध्ये युरोपात युद्ध पेटले तेव्हा विल्सन यांनी देशबांधवांना कृतीत तर सोडाच, विचारातही निःपक्षपाती राहण्याची विनंती केली होती. तिला कारण होते. तेव्हाच्या अमेरिकेत सुमारे एक तृतीयांश लोक स्वतः परदेशात जन्मलेले किंवा परदेशातून आलेल्या आईबापांची मुले होती आणि त्यांत जर्मनांची संख्या फार मोठी होती. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने ल्युसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले. सुमारे १,२०० माणसे गेली, त्यांत १२८ अमेरिकी होते. तीनच दिवसांनी फिलाडेल्फियात विल्सन म्हणाले की, स्वाभिमानी राष्ट्राला लढण्याची गरज भासू नये. २२ जानेवारी १९१७ रोजी त्यांनी सिनेटपुढे कुणाचाही विजय नसलेली शांतता हवी अशी मांडणी केली. त्यानंतर नवव्या दिवशी जर्मनीने कळवले की, १ फेब्रुवारीपासून ब्रिटन-फ्रान्सच्या भोवतालच्या समुद्रात दिसेल ते जहाज बुडवले जाईल. ३ फेब्रुवारीला राजनैतिक संबंध तुटले, २६ला विल्सन यांनी व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याची परवानगी मागितली, मार्चमध्ये अमेरिकी जहाजे एकामागून एक बुडू लागली. या सर्व तारखा भाषण ऐकणाऱ्यांच्या डोक्यात ताज्या होत्या, आणि विल्सन यांनी त्या ताजेपणाचा पुरेपूर उपयोग केला.

सुरुवात पाहा. पहिल्याच वाक्यात गंभीर हा शब्द येतो आणि लगेच अतिशय हे विशेषण जोडून तोच शब्द पुन्हा येतो. सबंध उपोद्घातात आवाज चढवणारी जागा ही एवढीच. बाकीचे वाक्य कायद्याचे आहे: असे निर्णय घ्यायचे आहेत, जे एकट्याने घेणे मला योग्यही नाही आणि राज्यघटनेनुसार शक्यही नाही. युद्ध मागायला आलेला अध्यक्ष पहिल्या श्वासात स्वतःच्या अधिकाराची सीमा आखतो. अमेरिकी घटनेत युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसकडे आहे हे सभागृहात सर्वांनाच ठाऊक होते, तरीही तो आवर्जून उच्चारला. याचा परिणाम असा की, ऐकणारा सभासद श्रोता उरत नाही, तो निर्णयाचा वाटेकरी होतो. काँग्रेसपुढे स्वतः जाऊन बोलण्याची जुनी, मोडलेली रीत विल्सन यांनीच १९१३मध्ये पुन्हा सुरू केली होती. त्या रीतीचे मोल या एका वाक्याने सिद्ध केले.

मग येते पाणबुड्यांचे वर्णन. इथे दुसरा वक्ता रक्त सांडत बसला असता. विल्सन यादी करतात: कुठल्याही झेंड्याचे, कुठल्याही प्रकारचे, काहीही माल भरलेले, कुठेही निघालेले, कसल्याही कामावरचे जहाज असो, ते बुडवले गेले. पाच पदे, पाचही एकाच मापाची, आणि प्रत्येक पदाने एकेक पळवाट बंद होते. कुणी म्हणेल, तो शत्रूचा झेंडा असेल. कुणी म्हणेल, दारूगोळा असेल. यादीत प्रत्येक शंकेला उत्तर मिळून जाते, आणि तेही शंका न उच्चारता. यादी संपली असे वाटते तोवर दोन प्रकारची जहाजे वेगळी काढून समोर ठेवली जातात: रुग्णांची जहाजे आणि पोळलेल्या बेल्जियमला मदत नेणारी जहाजे. आधी व्याप्ती, मग नेमके उदाहरण, हा क्रम फार विचारपूर्वक आहे. उदाहरण आधी आले असते तर ते अपवाद वाटले असते. यादीनंतर आल्यामुळे ते नियमाचा पुरावा ठरते.

यानंतरचे वाक्य मला सगळ्या भाषणातले सर्वांत मानवी वाटते. विल्सन सांगतात की, सुसंस्कृत राष्ट्रांच्या रीतिभाती मानत आलेले कुठलेही सरकार असे करील यावर काही काळ माझा विश्वासच बसला नाही. तीन वर्षांच्या तटस्थतेवर भोळेपणाचा आरोप होत होता. विल्सन तो खोडून काढत नाहीत. त्या भोळेपणालाच ते सभ्यतेवरच्या विश्वासाचे रूप देतात, आणि हा विश्वास समोरच्या अनेक सभासदांचाही होता. त्यामुळे मत बदलताना कुणालाही खाली पाहावे लागत नाही. पाठोपाठ मालमत्ता आणि जीव यांतला भेद येतो: बुडालेल्या मालाची भरपाई होऊ शकते, निरपराध माणसांची होऊ शकत नाही. तटस्थ राष्ट्राचा व्यापारी हक्क हा तोवरचा वादाचा मुद्दा होता. या एका भेदाने तो वाद गोदीतून उचलला जातो आणि माणुसकीच्या चौकटीत जातो. इतका मोठा पालट इतक्या हळुवार हाताने झालेला मी क्वचित वाचला आहे.

आता तर्काचा भाग. आपल्याकडच्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडतात, त्याला पुरते बळ देतात आणि मगच त्याचे खंडन करतात. विल्सन यांचा पूर्वपक्ष म्हणजे त्यांचेच २६ फेब्रुवारीचे मत: जहाजांवर तोफा ठेवल्या तर युद्धात न पडता हक्क राखता येतील. पाच आठवड्यांपूर्वीचे स्वतःचे म्हणणे समोर ठेवून ते त्याची तपासणी करतात. पाणबुडी पाण्याखालून येते, ती दिसल्याबरोबर गोळी घालावी लागते, म्हणजे बचाव करायचा तर आधी हल्ला करावा लागतो. जर्मनीने तर अशा तोफा चालवणाऱ्यांना चाचे समजण्याची धमकी दिली होती. मग निष्कर्ष येतो: सशस्त्र तटस्थता जे टाळण्यासाठी होती, नेमके तेच ती घडवून आणील, युद्धाचे सारे धोके पदरात पडतील, पण लढणाऱ्या राष्ट्राचे हक्क आणि बळ यांतले काहीच मिळणार नाही. इथे भावनेचा एक शब्द नाही. आणि नेमक्या याच कोरड्या तर्काच्या टोकाला, आम्ही शरणागतीची वाट निवडणार नाही, हे वाक्य येते. समोर बसलेले सरन्यायाधीश एडवर्ड व्हाइट उठून टाळ्या वाजवू लागले आणि सभागृह त्यांच्यामागे उठले. आयुष्यभर युक्तिवाद तोलणाऱ्या माणसाने टाळीची पहिली जागा ओळखावी, हे या तर्काला मिळालेले सर्वोत्तम प्रशस्तिपत्र आहे.

मग सर्व भाषणाचा सांधा. युद्ध जाहीर करा, असे विल्सन म्हणतच नाहीत. आपण टाकत असलेले पाऊल गंभीर आणि शोकमयही आहे असे सांगून ते काँग्रेसला सल्ला देतात की, जर्मन सरकारचे अलीकडचे वर्तन हे वस्तुतः आपल्याविरुद्धचे युद्धच आहे असे तिने जाहीर करावे आणि आपल्यावर लादला गेलेला हा दर्जा रीतसर स्वीकारावा. वाक्याची घडण बारकाईने पाहा. युद्ध करणारा कर्ता जर्मनी आहे. अमेरिकेच्या वाट्याला आलेली क्रियापदे जाहीर करणे आणि स्वीकारणे एवढीच आहेत. तटस्थ राष्ट्राने युद्ध सुरू केले असे कुठल्याही अंगाने वाचता येऊ नये, अशी ही वीण आहे. शोक हा शब्दही जागेवर आहे. वीररसाच्या ऐन क्षणी करुणाची छटा आणल्यामुळे वीरही भडक होत नाही. चार दिवसांनी मंजूर झालेल्या ठरावातही हीच भाषा राहिली: लादले गेलेले युद्ध. ज्या वाक्याची घडण कायद्यात जशीच्या तशी उतरते, त्या वाक्याची कारागिरी वेगळी सांगावी लागत नाही.

सांध्यानंतर सूर चढेल असे वाटते, तो उतरतो. आता हिशेब येतो. याचा अर्थ काय होईल, असे म्हणून विल्सन एकामागून एक कलमे सांगतात: जर्मनीशी लढणाऱ्या देशांशी सहकार्य, त्यांना कर्जे, देशातल्या साधनसामग्रीची जुळवाजुळव, नौदलाची सज्जता, किमान पाच लाखांची नवी फौज, आणि तीही सर्वांवर सारखी जबाबदारी या तत्त्वावर. याचा अर्थ असा होईल, ही सुरुवात प्रत्येक कलमाला परत येते, आणि तिच्या आवर्तनाने ओझे वाढत जाते. शेवटचे कलम तर कराचे आहे: युद्धाचा खर्च नुसत्या कर्जावर ढकलू नका, शक्य तितका आजच्या पिढीने करातून भरावा. जयघोषाच्या रात्री करवाढ सांगणारा वक्ता धाडसी म्हणावा लागेल. हे बोलणे पोकळही नव्हते. १८ मे रोजी सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला, युद्ध संपेपर्यंत सुमारे २८ लाख माणसे त्या कायद्याने फौजेत गेली आणि सुमारे वीस लाख फ्रान्सला पोहोचली. श्रोत्याकडून काय घेतले जाणार आहे ते लपवायचे नाही, हा या भागाचा दंडक आहे, आणि माझ्या मते भाषणाचे नैतिक वजन इथेच साठलेले आहे.

इथवर घटना आणि व्यवहार झाले. तत्त्व अजून यायचे आहे. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात सिद्धांत मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावून तो मनावर ठसवतात. गंगाखेडकडचे, जनाबाईच्या गावचे श्रोते हा क्रम झोपेतही सांगतील. विल्सन यांनी तो उलटा धरला: आधी आख्यान, मग सिद्धांत. आणि ते योग्यच होते. तीन वर्षे शांततेचा सिद्धांत ऐकलेल्या श्रोत्यांना नवा सिद्धांत आधी सांगितला असता तर ते बिचकले असते. आख्यानाने मन तयार झाल्यावर मात्र विल्सन म्हणू शकतात की, माझ्या मनात आजही तेच हेतू आहेत, जे २२ जानेवारीला होते. शांततेच्या भाषणाची तारीख युद्धाच्या भाषणात आठवणीने सांगायची, आणि ३ व २६ फेब्रुवारीच्या तारखाही तिच्यामागे ओवायच्या! विरोधकांनी ज्या तारखा पुरावा म्हणून फेकल्या असत्या, त्याच त्यांनी आपल्या सातत्याचा पुरावा म्हणून वापरल्या. या जागेला दाद दिल्यावाचून पुढे जाववत नाही.

सिद्धांताची पहिली पायरी म्हणजे जनता आणि सरकार यांची फारकत. आमचे जर्मन लोकांशी भांडण नाही, त्यांच्याबद्दल आम्हाला सहानुभूती आणि मैत्रीच वाटते; हे युद्ध त्यांना न विचारता राज्यकर्त्यांनी केले, असे विल्सन सांगतात. या एका चालीत तीन कामे होतात. देशातल्या लाखो जर्मन वंशीयांना अपराधी न वाटता बाजू घेता येते. शत्रू जनता न राहता राज्यपद्धती होते. आणि तिसरे, ज्या सरकारांना लोकांपुढे उत्तर द्यावे लागत नाही, त्यांच्या शेजारी शांतता टिकत नाही, हा व्यापक मुद्दा सहज उगवतो. दैवाने साथही दिली. मार्चच्या मध्याला रशियात झार पायउतार झाला होता, त्यामुळे लोकसत्तेच्या बाजूने लढताना एका निरंकुश सम्राटाचा हात धरावा लागत नव्हता. विल्सन यांनी त्याचे मोकळेपणाने स्वागत केले. मेक्सिकोला टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवून देण्याचे आमिष दाखवणारी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची तार १ मार्चला वर्तमानपत्रांत आली होती आणि तिने देश खवळला होता. एवढे जळते सरपण हाताशी असून विल्सन तिला एका उपवाक्यापलीकडे जागा देत नाहीत. काय वापरायचे नाही हे ज्याला कळते, त्याच्या हाती शैली असते.

आता ते प्रसिद्ध वाक्य: जग लोकशाहीसाठी सुरक्षित झाले पाहिजे. मूळ इंग्रजीत ते अवघ्या आठ शब्दांचे आहे. त्याच्या आधी लांबलचक, पोटवाक्यांनी भरलेली वाक्ये आहेत, आणि त्यांच्यानंतर हे एकदम उघड्यावर येते. वाक्य कर्मणी आहे हेही पाहावे. कुणी सुरक्षित करायचे ते सांगितलेले नाही, त्यामुळे गर्व डोकावत नाही. वाक्य इतक्या साधेपणाने आले की सभागृहाच्या ते लगेच ध्यानात आले नाही. मिसिसिपीचे सिनेटर जॉन शार्प विल्यम्स एकटेच टाळ्या वाजवू लागले, आणि मग सभागृहाला उमगले की आपण काय ऐकले. लगोलग तीन नकार येतात: आम्हाला भूमी जिंकायची नाही, सत्ता नको, नुकसानभरपाई नको. ध्येय मोठे आणि मागणी शून्य, हा व्यतिरेक या परिच्छेदाचा कणा आहे.

समारोपात विल्सन पुन्हा ओझ्याकडे वळतात. अशा शांतताप्रिय लोकांना आजवरच्या सर्वांत भयंकर युद्धात नेणे ही भीतिदायक गोष्ट आहे, असे ते स्वतः म्हणतात, आणि त्यानंतरच न्याय शांततेहून मोलाचा आहे असे सांगतात. जीव आणि संपत्ती अर्पण करण्याच्या शब्दांत १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा नाद आहे. प्रत्येक अमेरिकी शाळकरी मुलाच्या कानात तो असतो. आणि अगदी शेवटचे वाक्य ईश्वराच्या साहाय्याने अमेरिकेला याहून वेगळे काही करता येत नाही, अशा आशयाचे आहे. १५२१मध्ये वर्म्सच्या सभेत मार्टिन ल्यूथर यांच्या तोंडी परंपरेने घातलेल्या उद्गाराचा हा प्रतिध्वनी आहे. ल्यूथर जर्मन होते. जर्मन सरकारविरुद्धच्या युद्धाचे भरतवाक्य विल्सन यांनी जर्मनीच्याच सर्वांत मोठ्या विवेकपुरुषाकडून घेतले. आमचे भांडण जर्मन लोकांशी नाही, हे मघाशी तर्काने सांगितले होते. इथे ते नुसत्या नादाने सांगितले. ज्याच्या ध्यानात आले त्याला ते मिळाले, ज्याच्या नाही आले त्यालाही शपथेचे गांभीर्य मिळाले.

रसिकाने उणी जागाही तेवढ्याच नीट दाखवली पाहिजे. जर्मन वंशीयांबद्दलच्या गोड शब्दांनंतर एक कठोर वाक्य आहे: बेइमानी झाली तर ती दडपून टाकली जाईल. पुढे त्या वाक्याने आपले खरे रूप दाखवले. जून १९१७मध्ये हेरगिरीविरोधी कायदा झाला, आणि १९१८मध्ये युद्धविरोधी भाषणाबद्दल समाजवादी नेते युजीन डेब्स यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. दुसरी उणी जागा मौनाची आहे. १९१७पर्यंत अमेरिकी बँकांनी मित्रराष्ट्रांना प्रचंड कर्जे दिली होती आणि कारखाने त्यांच्या मागणीवर चालत होते. भाषणात याचा उल्लेख नाही. नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी ४ एप्रिलला नेमके तिथेच बोट ठेवले आणि हे युद्ध सोन्याच्या हुकमाने होत आहे असा आरोप केला. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट त्याच दिवशी काही तास विरोधात बोलले. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, आणि ६ एप्रिलला प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५० असा कौल पडला. त्या पन्नासांत मोंटानाच्या जेनेट रँकिन होत्या, अमेरिकी काँग्रेसमधल्या पहिल्या महिला सभासद. त्यांनी आसन ग्रहण केले तो दिवसही २ एप्रिलच. पर्ल हार्बरनंतर डिसेंबर १९४१मध्ये जपानविरुद्धच्या युद्धाला ३८८ मते पडली आणि विरोधात एकच. ते मतही त्यांचेच होते. विल्सन यांच्या वक्तृत्वाची उंची मोजायला हे छप्पन्न नकार फार उपयोगी पडतात, कारण ते नकार देता येत होते.

परभणीत बसून हे भाषण वाचणाऱ्याला इथे थांबावे लागते. तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थान १९१४पासूनच युद्धात होते. हैदराबादचे लान्सर्स इजिप्त-पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते. सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खान यांनी, दिलेल्या विमानांवरून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले. पलीकडच्या ब्रिटिश मुलखातल्या, पूना डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुट-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेल्या होत्या, म्हणजे विल्सन बोलायला उभे राहिले त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी. या माणसांना युद्धात न्यायचे की नाही, यावर इथे कुणी भाषण केले नाही, कुणी मत दिले नाही. गोदाकाठच्या शेतकऱ्याचा सारा युद्धाला गेला तो फर्मानाने गेला. त्यामुळे विल्सन यांचे ते पहिले वाक्य, हा निर्णय माझ्या एकट्याचा नाही, परभणीच्या वाचकाला अमेरिकी वाचकाहून अधिक मोलाचे वाटले तर नवल नाही.

अमेरिकेच्या तटस्थतेची आणखी एक बाजू मराठी माणसाच्या जवळची आहे. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे ब्रिटिश राज्य उलथवू पाहणाऱ्या गदर चळवळीतले तरुण अमेरिकेतूनच बाहेर पडले होते. पिंगळे मार्च १९१५मध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लाहोरला फाशी गेले. युद्धात उतरल्यावर अमेरिकेने त्यांच्या साथीदारांवर सॅन फ्रान्सिस्कोत खटला भरला. तो नोव्हेंबर १९१७ ते एप्रिल १९१८ चालला, आणि आरोप होता अमेरिकेच्या तटस्थतेच्या कायद्याचा भंग केल्याचा. राज्यकर्त्यांच्या हुकमतीखाली राहणाऱ्यांना स्वतःच्या कारभारात बोलण्याचा हक्क असावा, असे २ एप्रिलला ज्या देशाने म्हटले, त्याच देशात त्या हक्कासाठी लढणाऱ्यांना शिक्षा झाल्या. तरीही भारताने ते शब्द गंभीरपणे घेतले. मद्रासचे एस. सुब्रमण्य अय्यर यांनी जून १९१७मध्येच विल्सन यांना पत्र लिहिले. न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय यांच्यासोबत हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर होमरूलचा प्रचार करत होते. टिळकांना राष्ट्रीय सभेने युद्धानंतरच्या शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी नेमले. ब्रिटिशांनी त्यांना पॅरिसला जाऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो आणि विल्सन यांना स्वयंनिर्णयाची मागणी लिहून कळवली. त्यातून हाती काही लागले नाही. पण विल्सन यांचे वाक्य ज्या अर्थाने लिहिले गेले, त्याहून मोठ्या अर्थाने टिळकांनी ते वाचले, आणि वाक्याचा तोच खरा अर्थ होता.

माझे मत स्पष्ट आहे. हे भाषण ज्या उंचीचे आहे, त्या उंचीवर त्याचा वक्ता पुढे टिकला नाही, आणि युद्धात सुमारे १,१६,००० अमेरिकी मेले, त्यांतले निम्म्याहून अधिक रोगराईने. पण तटस्थ राष्ट्राला युद्धाकडे नेण्याची कला म्हणून त्याची बरोबरी करणारे भाषण मला माहीत नाही, कारण ते लोकांना भडकवत नाही, त्यांना विचारते. आपल्या जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांत वक्तृत्वाची तयारी करणाऱ्या मुलामुलींना माझे आग्रहाचे सांगणे आहे: विल्सन यांचे २ एप्रिलचे भाषण सबंध वाचा, उतारे वाचू नका. आणि त्याच बैठकीत नॉरिस आणि ला फॉलेट यांची ४ एप्रिलची भाषणेही वाचा. युद्ध मागणारे उत्तम भाषण आणि ते नाकारणारी उत्तम भाषणे एकाच छताखाली, दोन दिवसांच्या अंतराने झाली. तिन्ही वाचल्याखेरीज त्यांतले एकही पुरते कळत नाही.